आईच्या फोटोखालचा मजकूर

गेल्या जानेवारीतल्या एका शुक्रवारी संध्याकाळी नाशिकच्या एका कलादालनात माझ्या वडिलांनी स्वतःच्या निधनाची बातमी वाचली. ती भिंतीवर, माझ्या आईच्या फोटोखाली लावलेली होती. बाबा तेव्हा फोटोपासून हातभर अंतरावर उभे होते. हातात चहाचा कागदी कप होता आणि प्रकृती ठीक होती.

त्यांनी मजकूर दोनदा वाचला, चष्मा वर सरकवला आणि मला विचारलं, "मी कधी गेलो गं?"

मजकूर असा होता: 'पांढरी साडी, कोरं कपाळ. जोडीदाराने मागे ठेवलेली स्त्री. तिची नजर चौकटीबाहेरच्या रिकाम्या जागेवर खिळली आहे, आणि त्या रिकामेपणातूनच जणू एक फिकट उजेड तिच्या चेहऱ्यावर पडला आहे.'

"लिहिलंय चांगलं," बाबा म्हणाले. "फक्त ती रिकामी जागा म्हणजे मी आहे."

हे खरं होतं. फोटो आमच्या इंदिरानगरच्या घरी, गॅलरीत काढला होता. त्या सकाळी मीही घरी होते. फोटो काढणाऱ्या मुलीने एक मोठा चंदेरी बोर्ड सोबत आणला होता. त्यावर ऊन घेऊन ते आईच्या चेहऱ्यावर टाकायचं होतं आणि धरायला माणूस नव्हता, म्हणून तो बोर्ड बाबांच्या हातात दिला. थोड्या वेळाने त्यांचे हात भरून आले आणि बोर्ड हलायला लागला. आई कॅमेऱ्याकडे बघायचं सोडून त्यांच्याकडे बघायला लागली. "अहो, नीट धरा," असं ती म्हणणार होती. म्हणण्याआधी फोटो निघाला.

प्रदर्शन नाशिक शहरातल्या आणि आसपासच्या तालुक्यांतल्या वयस्कर बायकांच्या फोटोंचं होतं. फोटो काढणारी मुलगी इथलीच. मजकूर लिहिणारे गृहस्थ पुण्याचे. चित्रांवर आणि फोटोंवर लिहितात, वाचणाऱ्यांमध्ये त्यांना मान आहे. उद्घाटनाच्या भाषणात त्यांनी आपली पद्धत सांगितली होती. फोटोतल्या व्यक्तीबद्दल ते आधी काहीही विचारत नाहीत. नाव, गाव, काम, काहीच नाही. माहिती आली की माणूस फोटो बघायचं थांबतो, असं त्यांचं म्हणणं. ते फोटो समोर ठेवतात, बसून राहतात आणि दिसेल ते लिहितात.

मी एका दैनिकात बरीच वर्षं काम केलं. फोटोओळी लिहिणं हा त्या कामाचा भाग होता. तिथे पद्धत उलटी होती: फोटोत दिसत नाही ते आधी विचारायचं.

आईने मजकूर वाचला. ओळखीच्या दोन बायका येऊन तिचा हात हातात घेऊन गेल्या, त्यांच्याशी ती बोलली. मग तिने फोटोवाल्या मुलीला बाजूला घेतलं.

"हे पुस्तकात पण असंच येणार का?"

"हो काकू. पुढच्या आठवड्यात छापायला जातंय. आणि मग हे सगळं पुण्याला लागणार." मुलीने तोपर्यंत मजकूर वाचला नव्हता, फोटो टांगण्यातच तिचा दिवस गेला होता. तिने वर बघितलं, मग बाबांकडे बघितलं, आणि तिचा चेहरा पडला.

"असू दे," आई म्हणाली. "आज तुझा दिवस आहे. उद्या बोलू."

परतताना द्वारका चौकात गाड्या अडकल्या होत्या. पुढच्या सीटवर, माझ्या शेजारी, आई होती. मी म्हटलं, चूक झाली आहे तर दुरुस्ती मागू. खाली एक ओळ लावतील: अमुक उल्लेख अनवधानाने झाला, दिलगीर आहोत.

"हो, तुमच्या पेपरसारखी," आई म्हणाली. "चूक पहिल्या पानावर आणि दिलगिरी आत, हवामानाच्या खाली."

"मग तुला काय हवंय?"

"ते विचार करतेय. तू समोर बघून चालव."

इथे थोडी माहिती द्यावी लागेल. आमचं घर बौद्ध आहे. पांढरी साडी आमच्याकडे सणाची असते. विहारात जाताना, पौर्णिमेला, लग्नात बायका पांढरं नेसतात. आई स्वतःच्या लग्नात पांढऱ्या साडीत उभी होती. फोटोसाठी तिने जी साडी काढली ती तिच्या कपाटातली सगळ्यात चांगली साडी आहे, निळ्या बारीक काठाची.

कपाळाची गोष्ट वेगळी. आमच्यातही पुष्कळ बायका कुंकू लावतात, टिकली लावतात. माझी आजी लावायची, मावशी लावते. आईने लावायचं नाही असं लग्नाआधी ठरवलं. ती तेव्हा टेलिफोनच्या एक्सचेंजमध्ये नुकतीच लागली होती. बघायला आलेल्या बाबांना तिने ते चहा देतानाच सांगितलं. बाबा म्हणाले, कपाळ तुमचं आहे. त्यांच्या आईला हे आवडलं नाही आणि काही काळ सासू-सुनेचं बोलणं लागेपुरतंच होतं.

लग्नाचा फोटो मेन रोडवरच्या एका स्टुडिओत धुवायला दिला होता. काळ्यापांढऱ्या फोटोत आईच्या कपाळावर लाल टिपका होता. स्टुडिओवाल्याने ब्रशने काढला होता.

"ताई, गडबडीत राहून गेलं असेल म्हणून मीच लावून दिलं," तो म्हणाला. त्याचा हेतू चांगला होता. आई काउंटरवरून हलली नाही. त्याने दुसरी प्रत काढून दिली आणि टिपकेवाली ठेवून घेतली.

त्यानंतर हा प्रश्न संपला नाही. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला इमारतीत नव्याने आलेल्या सुना आमच्या दारावरून पुढे जातात. मग वरच्या मजल्यावर कुणीतरी त्यांना सांगतं की अगं, काका आहेत, आणि त्या ओशाळून परत येतात. आई दोन्ही वेळा सारखंच बोलते आणि त्यांच्या हातावर तिळगूळ ठेवते. मी तिला एकदा विचारलं होतं, राग येत नाही का. ती म्हणाली, त्या घटकाभरात विसरतात. छापलेलं तसं नसतं.

शनिवारी सकाळी पुण्याचे गृहस्थ स्वतः घरी आले, फोटोवाल्या मुलीबरोबर. दारातच त्यांनी बाबांना हात जोडले. "मला फार वाईट वाटतंय. कसं बोलू कळत नाही."

"बसा, बसा," बाबा म्हणाले. "मेलेल्या माणसाच्या हातचा चहा घ्या. आलं चालतं ना?"

गृहस्थांनी मजकुरात बदल करून आणला होता. 'जोडीदाराने मागे ठेवलेली' हे शब्द काढले होते. 'एकाकी' असा शब्द घातला होता.

"एकाकी कोण?" आईने विचारलं.

"म्हणजे... चेहऱ्यावर तसा भाव आहे."

"सर, या घरात एकाकी व्हायला जागा तरी आहे का?" स्वयंपाकघरातून बाबांचं गाणं ऐकू येत होतं. मुलीला हसू आलं, तिने ते आवरलं.

मग तिने लॅपटॉप उघडला. तिच्याकडे यापेक्षा चांगला उपाय होता. भिंतीवरचा फोटो कडेने कापलेला होता. तिने मूळ, न कापलेला फोटो काढला. डाव्या कडेला बाबांचे दोन्ही हात, चंदेरी बोर्डाची कड आणि अर्धं डोकं दिसत होतं. बोर्ड सांभाळण्याच्या नादात त्यांची जीभ बाहेर आली होती.

सगळे हसले. बाबा चहा घेऊन बाहेर आले आणि त्यांनी बराच वेळ फोटो बघितला. "माझं डोकं तरी पूर्ण घ्यायचं."

"काकू, हाच लावते," मुलगी म्हणाली. "आज छापून आणते. मग काही लिहायलाच नको. नजर कुठे आहे ते दिसतंय, उजेड कुठून आला ते दिसतंय. काका आहेत हे दिसतंय."

गृहस्थांनी मान हलवली. हा फोटो जास्त चांगला आहे, असं ते मोकळेपणाने म्हणाले. मलाही प्रश्न सुटला असं वाटलं. बाबा तर खूश होते.

आई म्हणाली, "नको."

मुलीने लॅपटॉप तिच्याकडे वळवला.

"हे फोटोत आले म्हणून मी बरोबर. नसते आले तर? दिंडोरीच्या त्या बाईंचा फोटो आहे तिकडे, त्यांचा नवरा खरंच नाही. त्यांनी कुणाला आणून उभं करायचं?"

"पण तुमच्याबाबतीत जी चूक झाली..." गृहस्थ म्हणाले.

"चूक ती नाही, सर. हे आहेत का नाहीत हे तुम्ही माझ्या कपाळावर बघितलंत, ती चूक. समजा उद्या हे गेले." तिने बाबांकडे बघितलं नाही. "मग तुमचा मजकूर बरोबर होईल. साडी हीच, कपाळ हेच. तेव्हा मी काय करायचं?"

"मी साखर बघून येतो," बाबा म्हणाले, आणि साखरेचा डबा टेबलावर असूनही आत गेले.

गृहस्थांनी कप खाली ठेवला. ते रागावले नव्हते. त्यांनी सांगितलं की ते बातमी लिहीत नाहीत. ते फोटोचा अर्थ लावतात, आणि अर्थ बघणाऱ्याचा असतो. दहा माणसं दहा अर्थ लावतील, त्यातला एक त्यांचा.

"मी टेलिफोनमध्ये होते," आई म्हणाली. "चुकीचा नंबर लागला तर मी समोरच्याला सांगत नसे, की लागलाय त्याच्याशीच बोला, त्यातही काही अर्थ असेल. लाइन तोडून परत जोडून द्यायचे."

गृहस्थ हसले. मग बराच वेळ त्या न कापलेल्या फोटोकडे बघत राहिले. शेवटी म्हणाले, "मग तुम्हीच सांगा, काय लिहू?"

"उद्या तुमची ती फेरी आहे ना? लोकांना घेऊन फोटो वाचत जायची?"

"हो. अकरा वाजता."

"माझ्यापाशी आलात की आधी तुम्ही वाचा. मग मी वाचते. लोकांना दोन्ही ऐकू दे."

त्यांनी विचार केला. माणसाला न विचारता वाचायचं हीच त्यांची पद्धत. फोटोतलं माणूस शेजारी उभं राहून बोलायला लागलं तर ती उरणार नव्हती. हे त्यांनी बोलूनही दाखवलं. आणि मग म्हणाले, "चालेल."

ते गेल्यावर आई फोनपाशी बसली. आमच्या घरी अजून जुना फोन आहे आणि तिला विहारातल्या बायकांचे नंबर पाठ आहेत. प्रत्येकीला ती एवढंच सांगत होती: उद्या सकाळी या, पौर्णिमेची साडी नेसून या.

रविवारी त्या आल्या. रिक्षांनी आल्या, एकमेकींच्या स्कूटरवर मागे बसून आल्या, एक सुनेच्या गाडीतून आली. निवृत्त नर्स होत्या, बालवाडीच्या बाई होत्या, नोटांच्या प्रेसमधून निवृत्त झालेल्या कारकून होत्या. सगळ्या पांढऱ्या साड्यांत. कुणाच्या कपाळावर टिकली होती, कुणाच्या नव्हती. दाराशी बसलेला सुरक्षारक्षक उठून उभा राहिला, त्याने टोपी काढली आणि हळू आवाजात आईला विचारलं, "मावशी, कोण गेलं?"

"कुणी नाही गेलं रे," आई म्हणाली. "आम्ही आलोय."

फेरी वेळेवर सुरू झाली. आईच्या फोटोपाशी गृहस्थ थांबले आणि त्यांनी भिंतीवरचा मजकूर मोठ्याने वाचला, एकही शब्द न गाळता. मग म्हणाले, "हे मी यांना न भेटता लिहिलं. आता या वाचतील."

आई फोटोच्या उजवीकडे उभी राहिली. माइक दिला तो तिने घेतला नाही. तिचा आवाज मागच्या भिंतीपर्यंत नीट पोचत होता.

"ही बाई टेलिफोनमध्ये होती," ती म्हणाली. "मान डावीकडे कललीय ना, ती त्यामुळे. हेडफोन त्या कानाला असायचा. अजून कुणी बोललं की मान तिकडे जाते. म्हणजे ती हरवलेली नाही, ऐकतेय. साडी पांढरी आहे, सणाची. तिच्याकडे याहून भारी साडी नाही. या सगळ्याजणी नेसून आल्यात, बघून घ्या. कपाळ मोकळं आहे, कारण तिने मोकळं ठेवलंय. लग्नाच्या आधीही होतं, लग्नात होतं, पुढेही राहील. त्यावरून तिच्या घरात कोण आहे, कोण नाही, ते कळायचं नाही. ते विचारावं लागतं."

मागून एका कॉलेजच्या मुलीने विचारलं, "आजी, मग विचारू?"

"विचार की."

"आजोबा आहेत?"

"आज नाही सांगणार," आई म्हणाली.

हॉलमध्ये हशा पिकला. बाबा दाराजवळ उभे होते. बोलायचं नाही, हात वर करायचा नाही, असं त्यांना घरून निघतानाच सांगितलं होतं. त्यांनी दोन्ही हात खिशात घातले होते.

"आणि नजर?" गृहस्थांनी विचारलं. त्यांना उत्तर माहीत होतं. "नजर कुठे आहे?"

"ज्याच्यावर ती चिडलीय तो तुम्हाला दिसत नाही. तिला दिसतोय. तेवढं पुरे."

टाळ्या आधी विहारातल्या बायकांनी वाजवल्या, मग सगळ्यांनी. त्या थांबायच्या आत गर्दीतून एक बाई पुढे आल्या. दिंडोरीच्या त्याच. नऊवारी, हातात पिशवी. त्यांचा फोटो तीन-चार फोटो सोडून पुढे होता आणि त्याखाली लिहिलं होतं की पतीच्या पश्चात ओढलेल्या कष्टांच्या रेषा या चेहऱ्यावर आहेत.

"माझ्याखाली लिव्हलंय ते खोटं नाय," त्या गृहस्थांना म्हणाल्या. "मालक नाहीत माझे. पर दादा, मी फोटो त्यासाठी काढला व्हता का? माझी द्राक्षाची बाग लय आली व्हती त्या साली. म्हनलं पोरगी बागेत उभं करतीय, बाग दिसंल. हिनं सगळी बाग पुसून टाकली."

मुलगी पुढे झाली. "पुसली नाही मावशी. चेहरा उठून दिसावा म्हणून मागचं धूसर केलंय."

"तोंड काय, घरी बी हाय. घड दिसाया पायजे व्हते."

"दुसरा फोटो आहे माझ्याकडे," मुलगी म्हणाली. "त्यात बाग स्पष्ट आहे. तुमचा चेहरा थोडा लहान येतो."

"येऊ दे की बारीक. मला वळखत्यात लोक."

त्यानंतर फेरी अशी उरली नाही. ज्या ज्या बायका आलेल्या होत्या त्या आपापल्या फोटोजवळ जाऊन उभ्या राहिल्या आणि लोक त्यांच्यापाशी गेले. गृहस्थ प्रत्येकीकडे जात होते. आधी स्वतःला काय दिसलं ते सांगत होते, मग बाईला विचारत होते. एकीने त्यांचं वाचन पूर्ण बरोबर आहे असं सांगितलं. त्यांनी तिला दोनदा विचारून खात्री केली. मुलगी फोनवर सगळं रेकॉर्ड करत होती. दुपारचं जेवण राहिलं. सुरक्षारक्षकाने खालच्या टपरीवरून पुन्हा चहा मागवला आणि आईला पहिला कप आणून दिला.

जाताना बाबांनी गृहस्थांना विचारलं, "मग माझं काय ठरलं? आहे की नाही?"

"तुमचा उल्लेख नाही," गृहस्थ म्हणाले.

"बरं आहे," बाबा म्हणाले. "म्हणजे दोन्हीकडून मोकळा."

सोमवारी आईने मजकूर सांगितला आणि मी तो टाइप करून पाठवला. मंगळवारी जुने मजकूर भिंतीवरून काढले. पुस्तक ठरल्यापेक्षा उशिरा छापायला गेलं. त्यात प्रत्येक फोटोखाली त्या त्या बाईचे शब्द आहेत. गृहस्थांची वाचनं शेवटी, त्यांच्या नावाने, स्वतंत्र दिली आहेत. आईच्या फोटोचं वाचन त्यांनी नव्याने लिहिलं आहे. दिंडोरीच्या बाईंचा फोटो बदलला आहे. त्यात द्राक्षांचे घड स्पष्ट दिसतात. आईचा फोटो बदललेला नाही आणि तो पूर्वीइतकाच कापलेला आहे.

प्रदर्शन मार्चमध्ये पुण्याला लागलं. उद्घाटनाला आई-बाबा दोघंही गेले होते. आईच्या फोटोखाली तिचं काम, तिचं गाव आणि तिने सांगितलेल्या चार ओळी होत्या. वैवाहिक स्थितीची नोंद नव्हती.